चिरा केवढा, हे नंतर विचारा

ही समोर दिसतेय ती कापसाची वेचणी यवतमाळ जिल्ह्यातल्या काकांच्या वावरातली. मागच्या साली याच दिवसांत काकांचे डोळे पिवळे झाले, अंगभर खाज, लघवी गर्द, संडास पांढुरकी, पण पोट काही दुखत नव्हतं म्हणून घरच्यांनी साधी कावीळ समजून गळ्यात माळ घातली. ती बघा, अजून खुंटीला आहे. महिना त्या माळेतच गेला. मग कळलं, पित्तनळीच्या, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीच्या, खालच्या टोकाला कॅन्सरची गाठ आहे.

पोरगा डॉक्टरला म्हणाला, "दुर्बिणीतूनच करा जी, बापाचं पोट नका फाडू." त्याचंही बरोबरच आहे, गावात पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालेला माणूस दोन-तीन दिवसांत ओसरीवर बसलेला दिसतो ना.

आता ऑपरेशन थिएटरमधे बघा. हे दुसऱ्या पेशंटचं, दुर्बिणीचं. कार्बन डायऑक्साइडनं पोट फुगवलंय, ५ ते १२ मिलिमीटरची चार-पाच भोकं, आणि सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर. आणि हे काकांचं, बरगड्यांखाली आडवा चिरा. आत शिरायची वाट वेगळी, आतलं काम तेच. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताची पिशवी, नळीचा खालचा भाग, आजूबाजूच्या लसिकागाठी, एवढं सगळं काढायचं आणि मग स्वादुपिंड, पित्तनळी, जठर हे तिन्ही परत आतड्याला जोडायचे. याला व्हिपल म्हणतात. हा धागा बघा, केसाएवढा, आणि नळी काही मिलिमीटरची. सगळ्यात जास्त धास्ती स्वादुपिंडाच्या जोडाची, तो गळला की पाचक रस पोटातच पसरतो.

दुर्बिणीनं रक्त कमी जातं, जखम लहान राहते, हे खरंच आहे, पण वेळ जास्त लागतो आणि हात मुरलेला लागतो. नेदरलँड्समधे याच ऑपरेशनची ९९ पेशंटवर तुलना चालू होती, ती मधेच थांबवावी लागली, कारण ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे दुर्बिणीकडचे ५० पैकी ५ गेले आणि पोट उघडलेल्यांपैकी ४९ मधला १. हे २०१९ ला छापून आलं, आणि ते सर्जन काही नवशिके नव्हते. म्हणून आम्ही गावोगावी सांगतो, आधी विचारा, डॉक्टरसाहेब, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?

नंतर काकांची केमो झाली, एक एकर गहाण पडलं.

काका सदरा वर करून टाक्यांची रेघ दाखवतात. जड उचलायची मनाई आहे, तरी ओटीत कापूस घेऊन आलेच.