वॉशिंग्टनची बाबूशाही: कोण टिकतं, कोण जातं

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे पुण्या-नाशकातल्या कितीतरी घरांना अमेरिकेचं सरकार माहीत असतं ते एच-वन-बी व्हिसामुळे. ‘पोराचं काम अडकलंय’ एवढंच आपण म्हणतो. पण अडकलंय कुठे? आधी पगाराबद्दलची हमी देणारा कंपनीचा अर्ज कामगार खात्याकडे जातो. तो पास झाला की मुख्य अर्ज अंतर्गत सुरक्षा खात्याच्या इमिग्रेशन कार्यालयात. मग मुलाखत कॉन्सुलेटमध्ये, आणि कॉन्सुलेट असतं परराष्ट्र खात्याचं. अमेरिकेत उतरल्यावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी पुन्हा सुरक्षा खात्याचा. माणूस एक, खाती तीन.

२०१३च्या ऑक्टोबरात अमेरिकी संसदेत पैशांवरून घोडं अडलं आणि सरकारचं बरंचसं काम बंद पडलं. कामगार खात्यानं हे अर्ज तपासणं थांबवलं. इमिग्रेशन कार्यालय मात्र सुरूच होतं, कारण त्याचा खर्च मुख्यतः अर्जदारांच्या फीमधून भागतो. म्हणजे दुसरी खिडकी उघडी, पण तिथे द्यायचा कागद पहिल्या बंद खिडकीत! ही यंत्रणा एकसंध नाही, हे कळायला एवढं पुरे.

अशी मुख्य खाती १५. पहिली तीन, म्हणजे परराष्ट्र, अर्थ आणि युद्ध, १७८९ मधली. सर्वांत धाकटं अंतर्गत सुरक्षा खातं २००३ मध्ये २२ वेगवेगळ्या संस्था एकत्र करून उभं राहिलं. खात्यांबाहेर नासासारख्या संस्था आहेतच. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांची मुदत तर १४ वर्षांची. एकाच राष्ट्राध्यक्षाला सगळी माणसं आपली बसवता येऊ नयेत, हा त्यातला हिशेब. टपाल खातं सोडून मुलकी नोकर वीस लाखांवर, आणि त्यांतले बहुतेक वॉशिंग्टनच्या बाहेरच नोकरी करतात.

आता नेमणुकांचं. दिल्लीत सरकार बदललं की मंत्री जातात; सचिवांच्या फार तर बदल्या होतात. वॉशिंग्टनमध्ये खातेप्रमुखाबरोबर त्याचे उपप्रमुख, सहायक, कित्येक राजदूत, सगळेच बाडबिस्तरा आवरतात. राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीतल्या या जागा सुमारे चार हजार. त्यांतल्या बाराशेच्या वर जागांना सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी लागते. २०२४ पर्यंत दर चार वर्षांनी या पदांची यादी निघायची. तिला ‘प्लम बुक’ म्हणत, आणि निवडणूक संपली की इच्छुकांची त्यावर उडी पडे. खरं सांगायचं तर मला चार हजार हा आकडाच जास्त वाटतो. सिनेटच्या मंजुरीची वाट बघत महिनोन्‌महिने रिकामी राहणारी खुर्ची कोणाच्याच कामाची नसते.

पण एकेकाळी जवळपास सगळीच नोकरी मर्जीची होती. पक्ष जिंकला की टपालखात्यातल्या माणसापासून जकातीच्या कारकुनापर्यंत आपली माणसं भरायची आणि त्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी कापायची. चार्ल्स गिटो नावाच्या माणसानं राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स गारफील्ड यांच्या प्रचारासाठी एक भाषण लिहिलं होतं. त्याच जोरावर गारफील्ड निवडून आले अशी त्याची समजूत, आणि बदल्यात त्याला पॅरिसमधलं कॉन्सुलपद हवं होतं. तो व्हाइट हाउस आणि परराष्ट्र खात्याचे उंबरठे झिजवत राहिला. शेवटी परराष्ट्रमंत्री ब्लेन यांनी त्याला झिडकारलं. २ जुलै १८८१ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गिटोनं गारफील्डना गोळ्या घातल्या. सप्टेंबरात ते गेले.

त्यांच्या जागी आले उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर, याच वशिलेबाजीत वाढलेले. न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयाचे ते प्रमुख होते आणि १८७८ मध्ये त्यांना तिथून काढलं गेलं होतं. त्याच आर्थरनी जानेवारी १८८३ मध्ये पेंडलटन कायद्यावर सही केली: नोकरी परीक्षेवर, वर्गणीची सक्ती बंद. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के जागा त्यात आल्या, पुढे वाढत गेल्या. या कायद्यामागे डॉर्मन ईटन या सुधारणावादी वकिलांनी केलेला ब्रिटिश नोकरभरतीच्या पद्धतीचा अभ्यास होता. आणि हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा १८५५ पासूनच सुरू होती, हे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्या श्रोत्यांना खास सांगतो.

टिकून राहणारे आणि जाणारे यांच्यातली ही रेघ आज पुन्हा हलते आहे. ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये धोरणाशी संबंधित कायम पदांचा एक नवा वर्ग काढला. अशा माणसाला काढून टाकणं सोपं. बायडन यांनी तो जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला, ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये परत आणला. समर्थक म्हणतात, निवडून आलेल्याचं बाबूनं ऐकायलाच हवं. म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मग नकोसा आकडा वर पाठवायची हिंमत कोण करील?

देखरेखीची व्यवस्था तशी भक्कम आहे. पैशाच्या नाड्या संसदेच्या हाती. तिच्यासाठी हिशेब तपासणारी संस्था १९२१ पासूनची, आणि तिच्या प्रमुखाला १५ वर्षांची एकच मुदत. १९४६च्या कायद्यानुसार बहुतेक नवे नियम आधी मसुदा म्हणून छापावे लागतात आणि त्यावर कोणीही मत नोंदवू शकतं. १९७८ पासून खात्याखात्यांत महानिरीक्षक बसवले. खात्यातच राहून खात्याचे गैरव्यवहार उकरायचे, हे त्यांचं काम. त्यांना काढायचं तर संसदेला ३० दिवस आधी कारणांसह कळवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये डझनाहून अधिक महानिरीक्षकांना अशी कोणतीही सूचना न देता एका झटक्यात घरी पाठवलं गेलं. सप्टेंबरात न्यायालयानं ही कृती बेकायदा ठरवली, पण त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवायला नकार दिला.