बोट लागू नये म्हणून

[दृश्य: पहाटेचा भाऊचा धक्का. मासळीच्या पाट्या, बर्फाचा चुरा, गलका.]

आमच्या घरात 'क्रूझ' हा शब्द आला त्याच्या कितीतरी आधी 'बोट' होती. "बोटीनं गेलो" म्हणजे मुंबईहून मालवणला गेलो. आणि "बोट लागली" म्हणजे काय, हे आजीला कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कोकणातल्या जुन्या माणसांना आजही विचारा. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं निघतात, आणि त्यांच्या मागोमाग लिंबू, आलं, ओकारी आणि पडाव. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला जावं लागायचं. एक पाय शिडीवर, दुसरा पडावात, आणि मध्ये हेलकावणारा समुद्र.

[दृश्य: बॅलार्ड पिअर. पांढरं, अनेक मजल्यांचं जहाज. सामानाच्या बॅगा ढकलत येणारी कुटुंबं.]

त्याच भाऊच्या धक्क्यापासून थोडं दक्षिणेला, बॅलार्ड पिअरला, आज हे जहाज उभं आहे. विलायतेला जाणाऱ्या बोटी एके काळी इथूनच सुटायच्या. आता सुटतात गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या सहलीच्या बोटी. 2021 पासून मुंबईहून जाऊ लागलेली 'एम्प्रेस' 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली, लांबी 211 मीटर. म्हणजे एखादी हाउसिंग सोसायटी आडवी करून पाण्यात सोडावी, तसं.

एवढं मोठं जहाज हलेल कशाला, असं लोकांना वाटतं. आम्हालाही वाटलं होतं.

[दृश्य: जहाजाचा नकाशा. हाताचं बोट एकेका मजल्यावरून फिरतंय.]

पहिल्या सहलीला केबिन मीच निवडली. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची. सिनेमाला बाल्कनी चांगली, मग इथेही वरचंच चांगलं असणार, हा माझा हिशेब. रात्री दहानंतर वारा वाढला आणि आईनं पलंगाची कड घट्ट धरली ती सकाळपर्यंत सोडली नाही. चूक जहाजाची नव्हती, माझ्या हिशेबाची होती.

जत्रेतला होडीचा पाळणा आठवा. टोकाला बसलेले ओरडतात, मधले हसत असतात. जहाजाचंही तसंच. पुढून मागे झुलतं तेव्हा नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि पिछाडी सर्वांत जास्त वर-खाली होतात. कुशीवर कलतं तेव्हा वरचे मजले जास्त हेलकावतात. म्हणून ज्यांना एसटीच्या घाटात त्रास होतो त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते.

मोठ्या जहाजांच्या पोटाशी पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते कुशीवरचं कलणं बरंच कमी करतात, पण पुढं-मागं झुलण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. आणि गोव्याला जाताना जहाज जातं दक्षिणेला, तर अरबी समुद्राची मोठी लाट बहुधा पश्चिमेकडून येते. म्हणजे लाट कुशीवरच.

केबिन घेताना आणखी एक गोष्ट नकाशात बघायची. तुमच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे? वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारा मधला दरवाजा असेल, तर शेजाऱ्यांची भांडणं फुकटात ऐकायला मिळतात. ज्याची त्याची आवड.

बिनखिडकीची आतली केबिन वाईट नाही. दिवसभर तुम्ही बाहेरच असता. फक्त दिवा घालवला की अंधार असा, की स्वतःचा हात दिसत नाही आणि सकाळ झालेली कळत नाही. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवा. त्या दाराला उंच उंबरठा असतो, हे वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी दाखवून द्या. जहाजावर वादळापेक्षा हा उंबरठा जास्त जणांना पाडत असेल, असं मला वाटतं.

[दृश्य: गच्चीवरून दिसणारं क्षितिज. मग एका आजींच्या हातातली आलेपाकाची वडी.]

आता बोट लागण्याबद्दल. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. ती सांगते, आपण हलतोय. डोळ्यांसमोरची केबिनची भिंत म्हणते, छे, सगळं जागच्या जागी आहे. या दोघांचं जमत नाही आणि त्याची शिक्षा पोटाला होते. म्हणून मळमळायला लागलं की केबिनमध्ये जाऊन पडायचं नाही. उघड्यावर यायचं आणि क्षितिजाकडे बघायचं. क्षितिज दिसलं की डोळ्यांना कानाचं म्हणणं पटतं. मोबाइल वाचायचा नाही, आणि 'मला काही होत नाही' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांच्या जवळ थांबायचं नाही.

आलं बऱ्याच जणांना उपयोगी पडतं. आलेपाक, सुंठेची गोळी, काहीही चालेल. औषधाच्या गोळ्या मात्र मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात. उलटी झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. कोणती आणि किती, हे डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची, साखरेची औषधं चालू असतील तर नक्कीच. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. ती घेऊन वर मद्याचा पेला रिचवू नका.

पहिल्या रात्रीचा बुफे हा सापळा आहे. पैसे भरलेत म्हणून ताटात डोंगर रचला जातो आणि दोन तासांनी तो समुद्रात जातो. पोट अगदी रिकामं नको आणि गच्चही नको. वरण-भात, टोस्ट, खाकरा असं काही. भारतीय प्रवाशांच्या बोटींवर शाकाहारी आणि जैन जेवण असतं, त्यामुळे डबा बांधून न्यायची गरज नाही. बाहेरचं खाणं चालतं की नाही, ते तिकिटावरच्या नियमांत वाचा. चकलीची पिशवी तपासणीत काढून ठेवावी लागलेली मावशी सहल संपेपर्यंत त्याच विषयावर बोलतात.

जेवणाआधी हात धुवायचे ते साबणानं. दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर असतं, पण जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस त्याला फारसं जुमानत नाही. हजारभर लोक एकाच पळीनं भाजी वाढून घेतात, त्याच पळीनं तुम्हीही.

[दृश्य: तपासणीची रांग. सामानाला लावलेल्या चिठ्ठ्या.]

मोठी बॅग धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि ती केबिनच्या दाराशी येते काही तासांनी, कधी रात्री. म्हणून खांद्याला एक छोटी पिशवी हवी. तिच्यात औषधं, चष्मा, चार्जर, मूळ ओळखपत्र, मुलांचे पोहण्याचे कपडे. हे शेवटचं विसरलात, तर मुलं तलावाच्या काठावर उभी राहून तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतात ती बघवत नाही. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली घरीच ठेवा. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी, त्यामुळे ती तपासणीतच काढून घेतात. शाल आणि मोजे न्या, आतला एसी गारठवतो. गच्चीवर वारा असा, की टोपी एका क्षणात अलिबागच्या दिशेनं जाते. कानटोपी जात नाही. ओले टॉवेल बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालू नका, तेही टोपीच्या मागून जातात.

लक्षद्वीपला जायचं तर भारतीयांनाही प्रवेश-परवाना लागतो. तो कोण काढणार, तुम्ही की सहल काढणारी कंपनी, हे पैसे भरण्याआधी विचारा. परदेशातल्या क्रूझचा एकच मुद्दा सांगतो. ग्रीसहून निघून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येणारी बोट असेल, तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा, तुर्कस्तान त्यात नाही) अनेक वेळा प्रवेशाचा हवा. आणि विमानानं एक दिवस आधी पोचा.

[दृश्य: भोंगा. सात छोटे, एक लांब. नारिंगी जाकिटं घातलेले प्रवासी, अर्धे हसताहेत.]

सुटण्याआधी भोंगा वाजतो आणि सगळ्यांना ठरलेल्या जागी बोलावतात. ही मस्टर ड्रिल. लोक कुरकुरतात, काही बाथरूममध्ये लपतात. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला लागून कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम झाला, की ती जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर व्हायलाच हवी.

आपल्याला इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. प्रवास होता तासा-दीड तासाचा.

[थोडा वेळ फक्त समुद्राचा आवाज.]

जाकीट कुठे आहे, जिना कुठे आहे आणि आपला जमायचा मजला कोणता, एवढं बघून ठेवायला दहा मिनिटं लागतात.

[दृश्य: संध्याकाळ. जहाज धक्क्यापासून सुटतंय. मागे सरकणारी कुलाब्याची टोकं.]

या वेळी केबिनमध्ये कपडे लावत बसू नका. वर या. प्राँग्जचा दीपस्तंभ मागे पडतो, मग डाव्या हाताला खांदेरी. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांची झोप उडवली, ते हे बेट. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. पुढे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, तेही त्याच यादीत, पण ते अंधारात निघून जातात.

म्हणून बाजूचाही विचार करा. गोव्याला जाताना डावी बाजू जमिनीची, उजवी सूर्यास्ताची. पहाटे सह्याद्रीमागून उगवणारा सूर्य बाल्कनीत बसून बघायचा असेल, तर डावी मागून घ्या. येताना सगळं उलट होतं.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते. जाऊ द्या. उलट फोन स्वतःहून 'एअरप्लेन मोड'वर टाका. नाहीतर तो जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, आणि 'पोचलात का, जेवलात का' एवढ्या बोलण्याचं बिल बघून घरी गेल्यावर बोट लागते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, केबिनच्या चावीचं कार्डच सगळीकडे दाखवायचं. हे सोयीचं आहे आणि म्हणूनच धोक्याचं. थंड पेयं, मद्य, मसाज, वेगळ्या रेस्टॉरंटमधलं जेवण यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळे लागतात. रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन हिशेब बघा. तिकिटाच्या जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यांच्यात बंदर-शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क उभे असतात, तेही आधीच विचारा.

[दृश्य: मुरगाव बंदर. टॅक्सीवाल्यांचा घोळका.]

जहाज लागतं मुरगावला, वास्कोजवळ. कळंगुट-बागा इथून लांब आहेत. हातात मोजके तास असताना उत्तर गोव्याकडे धावणं म्हणजे टॅक्सीच्या खिडकीतून गोवा बघणं. मी तरी जवळच थांबेन. बोगमाळोचा किनारा आहे, त्याच रस्त्याला नौदलाचं विमान-संग्रहालय आहे, तिथे मुलं दोन तास रमतात. सोमवारी ते बंद असतं. कुठल्यातरी साध्या खाणावळीत माशाची थाळी घ्या. आणि जहाजावर परतायची वेळ हातावर लिहून ठेवा. कंपनीच्याच सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

[दृश्य: लक्षद्वीप. निळं-हिरवं पाणी. दूर उभं जहाज, हेलकावणारी छोटी होडी.]

लक्षद्वीपला तर बंदराला लागणंच नाही. अगत्तीला प्रवाळाच्या कड्याबाहेर जहाज उभं राहतं आणि छोट्या होडीतून किनाऱ्याला जायचं. आजीचा पडावच हा, फक्त इंजिन आलं. गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच विचार करावा. इथे खलाशी दोन्ही दंड धरून उतरवतात, पण शेवटचं पाऊल आपलंच असतं, आणि लाटेची वाट बघून टाकायचं असतं. समुद्र खवळला तर उतरणं रद्दही होतं. ते कंपनीच्या हातात नसतं. पावसाळ्यात कोकणची बोट बंद असायची, आजही मुंबईच्या क्रूझ त्या महिन्यांत या किनाऱ्याला निघत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे.

[दृश्य: शेवटची रात्र. केबिनच्या लांब बोळात प्रत्येक दाराबाहेर बॅगा.]

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. लोक शिस्तीनं सगळं भरतात, अगदी सगळं, आणि निवांत झोपतात.

[दृश्य: सकाळ. बॅलार्ड पिअर. उतरणारे प्रवासी.]

हे बघा, शिडीवरून येताहेत ते काका. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, बनियनवर बायकोची शाल आणि पायात जहाजाच्या पांढऱ्या सपाता. विचारलं तर म्हणाले, "पँट बॅगेत आहे. बॅग खाली आहे."