पहिली सायकल घेताना: रोड बाइक की दुसरी कोणती?

श्रोतेहो, नमस्कार.

सायकलिंग सुरू करायचं ठरवून माणूस दुकानात शिरतो आणि दारातच गोंधळतो. एका बाजूला खाली वळलेल्या हँडलच्या, बारीक टायरच्या रोड बाइक. दुसऱ्या बाजूला जाडजूड टायर आणि धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनवाल्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. मधे सरळ हँडलच्या हायब्रिड, म्हणजे या दोन्हींचा मेळ. त्यात जितके ओळखीचे, तितके सल्ले. माझं म्हणणं एवढंच आहे, की ‘सगळ्यात चांगली कोणती’ हे विचारूच नका. आठवड्यातले बहुतेक दिवस तुम्ही कोणत्या रस्त्यावर आणि किती लांब जाणार, ते आधी ठरवा. वर्षातून एकदा डोंगरात जायचा बेत असेल, तर त्या एका दिवसासाठी सायकल घेऊ नका. रोजच्या रस्त्यासाठी घ्या.

रोड बाइक वेगात का जाते? लोक तिच्या वजनाकडे बोट दाखवतात. वजनाचा फायदा आहे, पण तो मुख्यतः चढावर. तुम्ही आणि सायकल मिळून 80 किलो असाल, तर सायकलमधला एक किलो कमी होणं म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. सपाट रस्त्यावर खरी झुंज असते ती हवेशी. वेग ताशी 15 किलोमीटरवरून 30 वर नेला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला आठपट ताकद लागते. शिवाय ही हवा सायकलपेक्षा आपलं शरीरच जास्त अडवतं. रोड बाइकवर पुढे वाकून बसायचं ते यासाठी. याचाच दुसरा अर्थ असा, की रहदारीतून ताशी 15च्या वेगाने कामावर जायचं असेल, तर वाकण्याचा फायदा फारसा पदरात पडत नाही. तिथे ताठ बसून चारी बाजूंचं दिसणं जास्त मोलाचं.

खाली वळलेल्या हँडलला मात्र नवखी माणसं उगाच बिचकतात. सतत अगदी खाली वाकूनच चालवावं लागेल, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या हँडलवर हात ठेवायला तीन जागा असतात. वरचा आडवा भाग, ब्रेकच्या वरचे रबरी उंचवटे आणि खालचा वळलेला भाग. बहुतेकांचा बहुतेक वेळ त्या उंचवट्यांवर जातो. तिथे तळवे एकमेकांसमोर येतात, मनगट सरळ राहतं आणि ब्रेक बोटांच्या टप्प्यात असतो. सरळ हँडलवर हात तासन्‌तास एकाच जागी राहतात, मग बोटांना मुंग्या येतात. दोन-तीन तासांच्या फेरीत हा फरक फार जाणवतो. म्हणून डांबरी रस्त्यावर लांब जायची मनापासून इच्छा असेल, तर नवखे आहात म्हणून रोड बाइक टाळू नका. फक्त शर्यतीची नको, लांब पल्ल्याची घ्या. तिला एंड्युरन्स रोड बाइक म्हणतात. तिचं हँडल थोडं उंच आणि जवळ असतं, त्यामुळे पाठ आणि मान लवकर कुरकुरत नाहीत.

आता टायर. सायकल निवडताना सर्वांत कमी विचारला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. टायरच्या कडेला 700 × 28 असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. पूर्वी रोड बाइकला सर्रास 23चे टायर असत, आणि बारीक तितका वेगवान असा समज होता. आता व्यावसायिक शर्यतींतही 28चे टायर नेहमीचे झाले आहेत. कारण साधं आहे. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, ओबडधोबड रस्त्याचे बारीक धक्के टायरच गिळतो, आणि ते धक्के खाण्यात वाया जाणारी ताकद वाचते. म्हणून दुकानात वाकून पाहा. टायर आणि फ्रेम यांच्यामधली फट किती आहे? दुकानदाराला विचारा, यात जास्तीत जास्त किती रुंद टायर बसेल? उत्तर 32 किंवा त्याहून जास्त असेल, तर खराब रस्त्यालाही ती सायकल साथ देईल. 25च्या पुढे जागाच नसेल, तर पहिली सायकल म्हणून मी ती सुचवणार नाही.

कच्चे, मातीचे रस्ते वाटेत वरचेवर लागत असतील, तर ग्रॅव्हल बाइक पाहा. हँडल रोड बाइकसारखं, टायर साधारण 40 मिलिमीटरचे. रोजचं जाणं-येणं, खरेदीची पिशवी आणि सुट्टीच्या दिवशी छोटी फेरी एवढंच हवं असेल, तर हायब्रिड पुरेशी आहे. कॅरिअर आणि मडगार्ड बसवायला फ्रेमवर भोकं आहेत ना, तेवढं बघून घ्या.

एमटीबी दगडधोंड्यांच्या पायवाटेवरच शोभते. तिथे तिला तोड नाही. पण केवळ दणकट दिसते म्हणून डांबरी रस्त्यासाठी स्वस्तातली सस्पेन्शनवाली सायकल घेणं मला अजिबात पटत नाही. स्वस्त सस्पेन्शन जड असतं. उभं राहून जोर लावला, की फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुभागलेला भाग, खालीवर होतो आणि पायातली ताकद त्यातच मुरते. त्याच पैशांत साध्या, बिनसस्पेन्शनच्या फोर्कची सायकल घेतलीत, तर गिअर आणि ब्रेक बहुधा वरच्या दर्जाचे मिळतील.

प्रकार ठरला, तरी माप चुकलं तर सगळं व्यर्थ. आवडलेला रंग मोठ्याच मापात शिल्लक आहे म्हणून तो उचलू नका. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, कंबर कलायला नको. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहू द्या. कोपर ताठ होऊन खांदे कानाकडे चढले, तर सायकल तुम्हाला लांब पडते आहे. सीटची उंची सहज बदलता येते, फ्रेमची लांबी बदलता येत नाही.

आणि एक चक्कर मारल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानासमोरची दहा पावलं नव्हे, निदान 15 मिनिटं. एखादा चढ, एखादं वळण, एखादा खडबडीत तुकडा त्यात येऊ द्या. सगळे पैसे सायकलवरच संपवू नका. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, हवेचा पंप आणि एक जादा ट्यूब, एवढं त्याच दिवशी घरी आलं पाहिजे.