‘आणेवारी’ म्हणजे नक्की किती?

नमस्कार मंडळी! एखादं जुनं वाटणीपत्र हाती लागलं, तर त्यात असं काहीतरी लिहिलेलं असतं: ‘धाकट्याचा हिस्सा 5 आणे 4 पै’. आता शेत काय पाच आण्यांना मिळत होतं? नाही हो. इथे आणा म्हणजे पैसा नव्हेच. शेत असो, वाडा असो की विहीर, अख्खी वस्तू धरायची सोळा आणे. आठ आणे म्हणजे निम्मी, चार आणे म्हणजे पाव. ही आणेवारी. टक्केवारीची थोरली बहीण म्हणा.

आणि मला विचाराल तर थोरलीच जास्त हुशार. रुपयाचे आणे 16, आण्याच्या पै 12, म्हणजे एकूण 192. तीन भावांत वाटा: प्रत्येकी 64 पै, म्हणजे बरोब्बर 5 आणे 4 पै. हेच शंभरात करून बघा. 33.33 करत बसाल आणि शिल्लक उरेलच.

जपायचं एका ठिकाणी. गुंठ्याचेही 16 आणेच. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणून आणा साधारण 68 चौरस फूट. म्हणजे ‘आठ आणे’ हा निम्मा गट (अख्ख्या जमिनीचा अर्धा हिस्सा) असू शकतो, नाहीतर जेमतेम 544 चौरस फूट! आकडा क्षेत्राच्या रकान्यात लिहिलाय की हिस्सेदाराच्या नावापुढे, ते आधी बघा.

दुसरा अर्थ पिकाचा. भरघोस पीक आलं तर सोळा आणे, मग खाली उतरत यायचं. 1918 चा गुजरातेतला खेडा सत्याग्रह याच आकड्यावरून पेटला. पीक चार आण्यांच्या आत असेल, तर त्या वर्षीची शेतसाऱ्याची वसुली तहकूब, असा नियम. शेतकरी म्हणत, चार आणेसुद्धा नाही. अधिकारी म्हणत, त्याहून जास्त आहे.

1957 मध्ये दशमान नाणी आली, पुढे सरकारदरबारी आणेवारीची पैसेवारी झाली. नजर, सुधारित, अंतिम, असे तिचे टप्पे. दुष्काळी सवलतींची रेघ 50 पैशांवर, म्हणजे तेच आठ आणे. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निकष पुढे आले. तरी पैसेवारी दरवर्षी लागतेच. आणि पेपरात अजून मथळा येतो: ‘आणेवारी 50 पैशांपेक्षा कमी’. आणे आणि पैसे, एकाच ओळीत!