ला प्लासिटाची दुपार

(दृश्य : लॉस एंजेलिसचा जुना चौक, झाडांखालचे बाक)

‘बेकायदा राहणाऱ्या लाखोंना झटपट देशाबाहेर काढा’, असं आज म्हटलं जातं, तेव्हा मला एक जुनी दुपार आठवते. २६ फेब्रुवारी १९३१. दुपारचे तीन वाजलेत. ला प्लासिटा चौकात नेहमीसारखी गर्दी आहे. मंदीचे दिवस, हाताला काम नाही. बहुतेक जण मेक्सिकन. कुठे रोज मिळेल का, याची चौकशी चाललीय. एकाएकी चौकाच्या वाटा अडवल्या जातात. वर्दीतले आणि साध्या वेषातले अधिकारी आत शिरतात. चारशेच्या आसपास माणसांना रांगेत उभं करतात आणि एकेकाला सांगतात : कागद दाखव.

प्रत्यक्ष ताब्यात घेतले ते मोजकेच. पण बातमी त्याच संध्याकाळी वस्तीतल्या घराघरांत पोचली, आणि हवं होतं तेही हेच. एकदा धाक बसला की लोक आपणहून गाशा गुंडाळतील, हा शहरातल्या बेकारी निवारणवाल्यांचा हिशेब त्यांच्याच पत्रव्यवहारात नोंदलेला आहे.

मार्चपासून काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या खर्चाने रेल्वेगाड्या सुटू लागल्या. गरीब कुटुंबाला इथे मदतीवर पोसण्यापेक्षा मेक्सिकोचं तिकीट स्वस्त पडतं, असं गणित मांडलं गेलं. कारवाईला नाव दिलं ‘मायदेशी पाठवणी’. पाठवणी हा आपल्याकडे लग्नमांडवातला शब्द. डोळ्यांत पाणी असतं, पण माहेरचं दार उघडं असतं. इथे काउंटीच्या पैशाने गेलेल्यांच्या नावापुढे सरकारी मदत घेतल्याची नोंद पडली, आणि तेवढ्यावर अनेकांची परतीची वाट बंद झाली.

शिवाय मायदेश कुणाचा? त्या दशकात किती जण गेले, याचे अंदाज सुमारे ३ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहेत. इतकी तफावत, कारण नीट मोजणी कुणी ठेवलीच नाही. त्यांतले निम्म्याहून अधिक जन्माने अमेरिकन नागरिक होते, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यात मुलं खूप. आईबाप निघाले, म्हणून तीही निघाली, न पाहिलेल्या देशात.

(दृश्य : आजच्या अमेरिकेतल्या न्यायालयाबाहेरची रांग)

आपल्या देशात कुणी राहावं, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. तो मला मान्य आहे. पण माणूस परका आहे की आपला, हे एकेकाची बाजू ऐकूनच ठरतं, आणि ऐकायला वेळ लागतो. अमेरिकेच्या स्थलांतर न्यायालयांत २०२४ च्या अखेरीस ३५ लाखांहून अधिक प्रकरणं पडून होती. अशा वेळी लाखोंना झटपट हाकलायचं म्हटलं, की सगळ्यात आधी सुनावणीवरच गदा येते. मग कागदाऐवजी चेहरा पाहिला जातो, बोली ऐकली जाते.

हे लांबचं वाटत असेल, तर जून २०२५ आठवा. मुंबई परिसरात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून थेट सीमेपार ढकललं गेलं. ते भारतीय निघाले, तेव्हा त्यांना परत आणावं लागलं. गावाकडच्या घरच्यांनी धावाधाव केली नसती, तर? ज्याच्यामागे धावणारं कुणी नाही, त्याचं काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

आणि पदरात काय पडलं? मंदीत मेक्सिकनांना घालवून स्थानिकांना नोकऱ्या मिळतील, असं सांगितलं गेलं होतं. पुढे अर्थतज्ज्ञांनी शहराशहरांची आकडेवारी तपासली. जिथून जास्त माणसं गेली, तिथे स्थानिकांचा रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. उलट थोडी घटच आढळली. शेतातली माणसं गेली, तशी त्या शेतमालावर चालणारी इतरांची कामंही गेली.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून माफी मागितली. तोवर हद्दपार झालेल्यांपैकी बहुतेक जण हयात नव्हते.

(दृश्य : रेल्वेचे रूळ, दोन्ही बाजूंना बीटची शेतं)

ती माफी यायला सात दशकं लागली. माणसांची गरज मात्र त्याआधीच भासली होती. महायुद्धात शेतं ओस पडू लागली, तेव्हा अमेरिकेनेच मेक्सिकोशी करार केला. सप्टेंबर १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन स्टेशनात एक गाडी येऊन थांबली. आत साखरेच्या बीटची काढणी करायला आलेले पाचेकशे मेक्सिकन मजूर होते. ला प्लासिटाच्या त्या दुपारला तेव्हा बारा वर्षंही झाली नव्हती.