‘नेट गेलं’ म्हणण्याआधी

मंडळी, सांगलीच्या पेठेत बिल निघेना, प्रिंटर छापेना, बँकेचं पान उघडेना, की सगळ्यांना उत्तर एकच: ‘नेट गेलंय.’ मग राउटर बंद-चालू करायचा. कधी जमतं, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही. माझा आग्रह असा, की राउटरला हात लावण्याआधी संगणकाला त्याचा स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, विचारा.

विंडोजवर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ (cmd) शोधा. काळी खिडकी उघडली की ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप करून एंटर दाबा. लिनक्सवाल्यांनी ‘आयपी’, मग जागा सोडून ‘ए’ (ip a).

बहुतेकांना १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसेल. हा खाजगी पत्ता. पाच नंबरचा गाळा सांगलीच्या मार्केट यार्डातही असतो आणि तासगावच्याही. यार्डाबाहेर नुसत्या गाळा नंबरावर पत्र पोचणार नाही. अशा चार आकड्यांच्या पत्त्यांच्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक राखीव साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून दुकानातली सगळी यंत्रं राउटरच्या एकाच बाहेरच्या पत्त्यावर काम भागवतात. वेबसाइटवर दिसणारा तुमचा पत्ता वेगळा असतो तो यामुळेच. घाबरू नका, दोन्ही बरोबर आहेत.

पण आकडा १६९.२५४ ने सुरू झाला, तर थांबा. यंत्राने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. अशा वेळी आधी केबल, स्विच, वायफाय तपासा. मग ‘आयपीकॉन्फिग’पुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘रिन्यू’ (ipconfig /renew), म्हणजे यंत्र पत्ता पुन्हा मागेल.

प्रिंटरचं दुखणं बरेचदा निराळं असतं. वरच्या मजल्यावर कुणी दुसरा राउटर बसवतं, प्रिंटर त्याला जोडतं. प्रिंटरचा पत्ता होतो १९२.१६८.०.२०, खालच्या संगणकाचा १९२.१६८.१.५. सबनेट मास्क (पत्त्याचा कुठवरचा भाग एका नेटवर्कचा, ते सांगणारा आकडा; तोही त्याच यादीत दिसतो) २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जुळायला हवेत. इथे तिसराच वेगळा. नेट दोघांकडेही झकास, छपाई मात्र बंद!

आता पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं. त्याच काळ्या खिडकीत ‘पिंग’ (ping), जागा सोडून पत्ता, मग एंटर. क्रम महत्त्वाचा. आधी ‘आयपीकॉन्फिग’च्या यादीतल्या ‘डिफॉल्ट गेटवे’ (Default Gateway) समोरचा आकडा, म्हणजे तुमचा राउटर. मग ८.८.८.८, हा गूगलचा बाहेरचा सर्व्हर. मग एखाद्या वेबसाइटचं नाव. राउटर बोलला आणि ८.८.८.८ गप्प राहिला, तर अडचण बहुधा राउटरच्या पलीकडे. कंपनीला फोन करताना नेमकं हेच सांगा. आकड्याला उत्तर येतं आणि नाव सापडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी सेवा, बिघडलाय. काही सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, तेव्हा एकाच्या गप्प राहण्यावरून निकाल देऊ नका.

आणि आज नेट सुरळीत चालू असतानाच ‘आयपीकॉन्फिग’ला तिरकी रेघ व ‘ऑल’ जोडून (ipconfig /all) येणारी माहिती छापून गल्ल्याशेजारी ठेवा. बिघाडाच्या दिवशी ताडून पाहायला तीच लागेल.