झटका नेमका कधी बसतो?

नमस्कार श्रोतेहो.

दारात दहा-पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी असेल, तर हा अनुभव तुम्हाला नवा नसेल. सिग्नल सुटतो, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, गाडी निघते आणि मध्येच अडखळते. परत उचल खाते, परत अडखळते. मागे बसलेल्यांच्या माना हलतात आणि कुणीतरी विचारतंच, "क्लच नीट सोडत नाहीस का?" गॅरेजच्या भाषेत, गाडी मिस मारते. मग पार्ट बदलणं सुरू होतं. ठिणगी पाडणारे प्लग बदलले, फरक नाही. प्लगला जोराची वीज पुरवणारी कॉईल बदलली, फरक नाही. कुणी सेन्सर म्हणालं, तोही बदलला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

माझं सांगणं असं, की पाना हातात घेण्याआधी चार दिवस गाडीवर लक्ष ठेवा. झटका कधी बसतो? सकाळी थंड इंजिनवर, की तासभर चालवल्यावर? चढावर, की सपाट रस्त्यावरसुद्धा? पावसातच का? गॅरेजवाल्याला नुसतं "पिकअप नाही" सांगण्यापेक्षा हे सांगितलंत, तर त्याचं निम्मं काम होतं.

आपल्याकडे बऱ्याच जुन्या गाड्यांना बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असतं. तुमच्या गाडीला असेल, तर सगळ्यात स्वस्त तपासणी तुमच्या डॅशबोर्डवरच आहे, ती म्हणजे गॅस आणि पेट्रोलचा स्विच. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर गाडी चालवून बघा. दोन्हींवर झटके बसत असतील, तर दोष दोघांच्या सामाईक भागात शोधायचा: ठिणगी, हवा, थ्रॉटल (पेडल दाबलं की हवेची वाट उघडणारी झडप). फक्त पेट्रोलवर बसत असतील, तर स्वतःला विचारा, शेवटची टाकी कधी भरली होती? वर्षभर गॅसवर पळवायची आणि पेट्रोल कायम रिझर्व्हला ठेवायचं, ही आपली सवय. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो गॅसवर चालतानाही फिरतच असतो. कोरडा पडला की तो मरतो. वापराविना पडलेले इंजेक्टरही चिकटतात.

आणि फक्त गॅसवर झटके असतील तर? सगळे लगेच किटवाल्याकडे धावतात. जरा थांबा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. म्हणजे थकलेला प्लग किंवा जुनी केबल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. आधी प्लग बघा. तिथे सगळं ठीक निघालं, तरच गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, गॅसचा फिल्टर, ट्यूनिंग.

प्लग बघायचा म्हणजे नुसतं टोक बघायचं नाही. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. हे बहुतेकांना माहीत असतं. पण प्लग उजेडात धरून त्याचं पांढरं चिनी मातीचं अंगही फिरवून बघा. कधीकधी त्यावर वरून खाली एक बारीक काळी रेघ दिसते. पुसून जात नाही. ठिणगीने टोकाशी जायच्या ऐवजी बाहेरूनच उतरायची पायवाट पाडली, त्याची ती खूण. तशीच रेघ वरच्या रबरी टोपीच्या आतही असते. अशा वेळी नुसता प्लग बदललात, तर टोपीतली रेघ नव्या प्लगलाही नासवते. दोन्ही एकदम बदला. प्लग काढताना इंजिन थंड हवं, हे सांगायला नको.

आता चढाची गोष्ट. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली, की इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त जोर लावावा लागतो. त्याच वेळी पेट्रोलही जास्त लागतं. म्हणून चढावर दोन्ही दोष दिसतात. फरक अंगाला जाणवतो: ठिणगी चुकली की झटका तुटक, टोकदार असतो, पेट्रोल कमी पडलं की गाडीचा जीव हळूहळू जातो आणि पाय सैल केल्यावर परत येतो. दुसऱ्या प्रकारात पेट्रोल फिल्टर आणि पंपाचा दाब तपासून घ्या. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या टाकीतला गाळ सुटतो, तो फिल्टरमध्येच येऊन बसतो.

झटका पेडलच्या एकाच ठरावीक जागी बसत असेल, तर थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर संशय घ्या. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये एक पट्टी असते आणि तिच्यावर एक टोक घासत फिरतं. रोजच्या वेगाला पेडल जिथे असतं, नेमकी तिथेच पट्टी झिजते. व्होल्ट मोजणारा काट्याचा जुना मीटर सेन्सरला लावा आणि थ्रॉटल हळूहळू उघडा. काटा सरळ चढायला हवा. मध्ये उडी मारली तर चोर सापडला. आकड्यांच्या मीटरवर ही उडी डोळ्यांतून निसटते.

डॅशबोर्डवर इंजिनाचा चेक लाइट असलेल्या गाडीला दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी 0301 एवढंच सांगतो, की पहिला सिलिंडर मिस मारतोय. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल, तर पहिल्याची दुसऱ्यावर लावा. कोड पी 0302 झाला, तर कॉईल गेलेली; पहिल्यावरच राहिला, तर कॉईलचे पैसे वाचले. मात्र लाइट लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि कन्व्हर्टरचा खर्च प्लगच्या कितीतरी पट.

शेवटी, सगळेच झटके इंजिनाचे नसतात. पाय दाबताना आणि सोडताना खालून 'धप' असा आवाज येत असेल, तर इंजिनाचं माउंटिंग बघा. त्याचं रबर फाटलेलं असतं. फक्त पहिल्या गिअरला निघतानाच गाडी थरथरत असेल आणि पुढे लोण्यासारखी पळत असेल, तर मागच्या सीटवरून आलेला प्रश्न बरोबर होता. क्लचप्लेट बघून घ्या.

नमस्कार.